‘त्यांची संस्कृती’ असं लिहिण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

निरनिराळ्या समाजांच्या प्रथांवर लिहिलेला तुझा खर्डा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण ‘संस्कृती’ हा शब्द पानापानावर येतो आणि दर वेळी काही वेगळंच सांगतो. कुठे त्याचा अर्थ ख्याल गायकी, कुठे वटपौर्णिमा, कुठे घरातल्या बाईने सगळ्यांच्या शेवटी जेवणं. आधी हे निस्तरू.

मराठीत या शब्दात कौतुक मुरलेलं आहे. प्रकृती, विकृती, संस्कृती ही आपली उतरंड. ‘सुसंस्कृत’ ही शाबासकी. म्हणून ‘ही आपली संस्कृती नाही’ असं म्हणता येतं, आणि ते बहुधा जे आपल्याकडे सर्रास चालतं त्याच्याबद्दलच म्हटलं जातं. मानववंशशास्त्राचा अर्थ वेगळा. एडवर्ड टायलरने १८७१ मध्ये व्याख्या केली: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर क्षमता व सवयी. यातला ‘मिळवलेल्या’ हा शब्द अधोरेखित कर. रक्तातून येतं ते नव्हे, शिकून येतं ते. (स्वतः टायलर मात्र समाजांना पायऱ्यांवर उभे करत असे, तो भाग घेऊ नकोस.) क्रोबर आणि क्लकहोन या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये १६४ व्याख्या गोळा केल्या होत्या. एकशे पासष्टावी तू करू नकोस.

त्याऐवजी पेन्सिल घे. जिथे ‘संस्कृती’ लिहिलं आहेस तिथे तो शब्द खोडून चार गोष्टी लिही: कोण, कोणाशी, काय करतं, आणि नाही केलं तर काय होतं. चौथी सगळ्यात महत्त्वाची. जिथे उत्तर ‘काही नाही, सासूबाई दोन दिवस फुगतात’ असं येतं आणि जिथे ‘जातपंचायत वाळीत टाकते’ असं येतं, ती दोन प्रकरणं एका परिच्छेदात बसत नाहीत. वाक्यात काहीच भरता आलं नाही तर वाक्य काढून टाक.

आता एखादी प्रथा बरी की वाईट हे ठरवण्याचा प्रश्न. तू परदेशांतली उदाहरणं घेतलीस. मी रखमाबाईंचा खटला घेईन, कारण त्याचे सगळे धागे हाती लागतात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जायला नकार दिला. पती दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. पुढे अपील झालं, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या.

ही ‘हिंदू परंपरा विरुद्ध इंग्रजी सुधारणा’ अशी लढाई होती, असं तुझ्या पद्धतीने लिहिलं जाईल. पण नांदायला येण्याचा दावा हा प्रकारच मुळात इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतला. त्यातला हुकूम न मानल्याबद्दलची कैद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली, म्हणजे इकडे दावा दाखल झाला त्याच वर्षी! इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये पूर्ण मोडीत काढला. आपल्याकडे तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कुठल्याही प्रथेला ‘त्यांची’ किंवा ‘आपली’ म्हणण्याआधी तिचा जन्मदाखला काढायचा तो यासाठी.

दुसरा धागा संमतिवयाचा, म्हणजे ज्याच्या आत मुलीशी, अगदी पत्नीशीही, शरीरसंबंध हा गुन्हा ठरतो त्या वयाचा. १८९१ च्या कायद्याने वय दहावरून बारा केलं. टिळक विरोधात, आगरकर बाजूने, आणि रा. गो. भांडारकर धर्मशास्त्रातलेच आधार काढून कायद्याला पाठिंबा देणारे. इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत: प्रथा वाईट आहे का, आणि ती मोडायला लावण्याचा अधिकार कोणाला? मुलीचं लग्न सोळाच्या आत करू नये, असं सुधारकांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, हा प्रस्ताव १८९० मध्ये टिळकांनीच मांडला होता. त्यांचा आक्षेप मुख्यतः दुसऱ्या प्रश्नावर होता. (आणि त्याची किंमत दहा-अकरा वर्षांच्या मुली मोजत होत्या, हेही लिही.) तुझ्या खर्ड्यात ‘आपण कोण ठरवणारे?’ हे वाक्य तीनदा आहे. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, पहिल्याचं नाही. मत बनवायला अधिकारपत्र लागत नाही. बळजबरी करायला लागतं.

१९४७ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीची याच जागी अडचण झाली. मानवी हक्कांच्या तयार होत असलेल्या जागतिक जाहीरनाम्याला तिने संस्कृतीभेदाच्या आधारे हरकत घेतली. १९९९ मध्ये संघटनेला हक्कांच्या बाजूने नवं निवेदन काढावं लागलं. शिवाय हे हक्क निव्वळ पाश्चात्त्य, असंही कुणी म्हणू नये. त्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून ‘सर्व मानव’ करायला लावणाऱ्या हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या.

एक चूक हमखास होते. आपल्याकडचं पोथीतलं घ्यायचं आणि दुसऱ्याकडचं रस्त्यावरचं. पोथी तर दोन्हीकडची पोथी, रस्ता तर दोन्हीकडचा रस्ता.

आणि पान पाचवर कंजारभाट समाजाबद्दल जे लिहिलं आहेस ते बदल. लग्नाच्या रात्री नवरी ‘कुमारी’ आहे का हे जातपंचायतीच्या पंचांसाठी तपासणाऱ्या कौमार्य चाचणीविरुद्ध २०१८ मध्ये त्याच समाजातल्या तरुण मुलामुलींनी मोहीम उघडली, बहिष्काराची टांगती तलवार असताना. त्याआधी २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. ‘कंजारभाट संस्कृती मागास आहे’ हे तुझं वाक्य पंचांना त्या समाजाचे मालक ठरवतं आणि त्या पोरांना बाहेर काढतं. ‘चाचणी अन्यायकारक आहे’ असं लिही. ते जास्त कडक आहे आणि अचूकही.

बदललेली पानं पाठव. खोडलेल्या ‘संस्कृती’ मोजून आकडा वर लिहिलास तर मला बरं पडेल.

तुझा,
शुभचिंतक