पीएचडी झाली, पण सहायक प्राध्यापकाची जाहिरात निघत नाही. तोवर काय करावे?

प्रश्न महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयाचा धरतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांतला, मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते ठरवणारा गुणतक्ता आधी पाहा. पीएचडीला 25, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला 8 (जेआरएफ म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीसह 10), सेट या राज्य पात्रता परीक्षेला 5. शोधनिबंधांना प्रत्येकी 2, पण कमाल 6. म्हणजे चौथ्या निबंधाने इथे काहीच वाढत नाही. नेट नसेल तर तो वेळ नेटला द्या. सेटचे गुण त्याच राज्यापुरते धरतात, हे बाहेर अर्ज करताना विसरू नका. अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) वर्षाला 2, कमाल 10.

घोळ होतो तो तासिका तत्त्वाच्या, म्हणजे तासांवर मानधन घेऊन शिकवल्याच्या, अनुभवात. विद्यापीठाची मान्यता नसेल तर छाननीत तो उडू शकतो. दरवर्षी नेमणूकपत्र, मान्यतापत्र आणि मानधनाची बँकनोंद त्याच वर्षी हातात घ्या. प्राचार्य बदलले की जुना कागद मिळणे मुश्किल.

यूजीसीच्या या नियमांत हे गुण फक्त मुलाखतीच्या बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवरच. जातवैधता प्रमाणपत्र लागणार असेल तर आताच काढा.

विज्ञान शाखा असेल तर राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपही बघा. तिथे खुल्या गटातल्या पुरुषांना पस्तिशीची अट आहे, म्हणून ती आधी.