दोन वजीर आले, तरी डाव बरोबरीत का?

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, रविवारच्या रॅपिड (कमी वेळेच्या डावांच्या) स्पर्धांना जातो. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५चा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून घरात दुसरा विषय नाही. पण प्यादं शेवटच्या ओळीत नेऊन दोन वजीर झाले की हा हमखास स्टेलमेट करून बसतो, म्हणजे समोरच्याला शह नसतो पण चालही उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. दुसरा वजीर घेऊच नये का?
– एक पालक, धरमपेठ

उत्तर : घ्यावा की! फक्त प्रत्येक चालीला शह बसला पाहिजे. राजाला शह असताना स्टेलमेट होऊच शकत नाही. घात होतो तो बिनशहाच्या चालीने. (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.) काळा राजा एच८ला, म्हणजे कोपऱ्यात असेल आणि वजीर जी६ किंवा एफ७वर गेला, तर राजाची तिन्ही घरं बंद होतात, शह मात्र बसत नाही. कोपऱ्यापासून घोड्याच्या चालीवरची ही दोन घरं त्याच्याकडून पाठच करून घ्या.

आता पट मांडा. काळा राजा ई५, पांढरे वजीर ए४ आणि बी३, पांढरा राजा जी१, चाल पांढऱ्याची. वजीर बी५ शह, राजा ई६. वजीर ए६ शह, राजा ई७. वजीर बी७ शह, राजा ई८. वजीर ए८, मात. पांढरा राजा जागचा हललाही नाही. एक वजीर ओळ अडवून उभा राहतो आणि दर वेळी मागचा पुढे जाऊन शह देतो. मुलं घाईत अडवणाराच उचलतात, मग राजा मधल्या पटावर निसटतो. दोन हत्तींनी अशीच मात करताना राजा अंगावर आला तर हत्तींना दुसऱ्या टोकाला पळावं लागतं. वजिरांना नाही. राजा सी७ला असला तरी बी७चा शह चालतो, कारण ए६चा वजीर त्याला जोर देतो.

प्रश्न : माझे दोन वजीर, समोरच्याचा एक. तो शहावर शह देत राहतो. काय करावं?
– एक वाचक, महाल

उत्तर : राजा पळवत बसू नका, शहाला उलट शह द्या. समजा तुमचा राजा बी३, वजीर डी८ आणि ए६. काळा राजा एच७, त्याचा वजीर एफ३वरून शह देतोय. डी८चा वजीर डी३वर आडवा घाला. शह अडतो आणि एच७ला तिरका शह बसतो. त्याने डी३ला मारलं तर ए६चा वजीर परत मारतो. नाही मारलं तर त्याचा वजीर जातो.

दोघांचेही दोन-दोन वजीर असतील तर बहुतेकदा ज्याची चाल त्याचाच डाव. तिथे प्यादी मोजू नका, आधी शह शोधा. १९२७च्या विश्वविजेतेपद लढतीत, तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याच्याविरुद्धच्या अकराव्या डावात शेवटी पटावर चार वजीर होते. काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा त्याचा आव्हानवीर अलेखाइन जिंकला.

प्रश्न : दुसरा वजीर हाताशी नसेल तर उलटा हत्ती चालतो का?

उत्तर : घरी चालतो. स्पर्धेत तो हत्तीच धरला जातो, तोंडाने ‘वजीर’ म्हटलं तरी. घड्याळ थांबवून आर्बिटरकडे (पंचांकडे) वजीर मागा. नियमात त्याची मुभा आहे.