गणपती आत्ताच तर गेले होते!

वाचकांचे प्रश्न, मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेची उत्तरं

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी चिपळूणचा, वय ६१. सहकारी बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तीनच महिने झाले असं कुणी सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती. मखर माळ्यावर टाकतो न टाकतो तोच ते खाली काढायची वेळ येते. २०२१चा पूर तर कालचा वाटतो. भिंतीवरचा पाण्याचा डाग रंगवून एवढी वर्षं झाली हे पटतच नाही. लहानपणी मे महिन्याची सुट्टी संपता संपायची नाही. आता गंमत अशी, की दुपार जाता जात नाही आणि वर्ष मात्र कधी गेलं ते कळत नाही. मेंदूला काही होतंय का? काही उपाय? वाचनाची आवड आहे. पुरात माळ्यावर होती म्हणून वाचलेली आजोबांची मोडी कागदपत्रं रोज चाळतो, पण अक्षर एक लागत नाही.

उत्तर : मेंदूला काहीही झालेलं नाही. उलट फार नेमकं निरीक्षण आहे तुमचं. दुपार जात नाही आणि वर्ष जातं, या एका वाक्यात सगळं आलं. दुपार आपण जगताना मोजतो आणि वर्ष मागे वळून. जगताना वेळ लांबते ती कंटाळ्याने, वाट बघण्याने, घड्याळाकडे पुन्हा पुन्हा पाहण्याने. मागे वळून पाहताना मात्र त्या काळात आठवण्यासारखं वेगळं काय काय सापडतं, त्यावर त्याची लांबी ठरते. तुमच्या कंटाळवाण्या दुपारी एकसारख्या एक आहेत. त्या दोनशे असल्या तरी आठवणीत त्यांची मिळून एकच दुपार होते.

एक हिशेब लोक नेहमी सांगतात. पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने तो १८७७ साली मांडला होता. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग आणि साठीच्या माणसाला साठावा, म्हणून ते लहान वाटतं. ऐकायला पटतं. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९०च्या आपल्या ग्रंथात हा हिशेब देऊन लगेच म्हटलं, की यातून अनुभवाचं वर्णन साधारण होतं, त्याचं गूढ काही कमी होत नाही. मी जेम्सच्या बाजूची. हा हिशेब खरा असता तर साठीनंतरचं प्रत्येक वर्ष निमूटपणे आधीच्याहून थोडं थोडं लहान व्हायला हवं होतं. तसं होत नाही. मधूनच एखादं वर्ष चांगलं लांबलचक निघतं.

मला स्वतःला हे अधिक महिन्याने शिकवलं. अधिक श्रावण १९८५ला आला, मग २००४ला, मग २०२३ला. मधल्या दोन्ही अंतरांत वर्षं एकोणीसच, पंचांगाने मोजून दिलेली. १९८५ला माझं लग्न नुकतंच झालेलं. वडिलांनी जावयासाठी तेहतीस अनारशांचं वाण आणलं, चांदीच्या वाटीत दिवा, आणि अनारसे तळताना निम्मे हसले म्हणून आई रडवेली झालेली. तिथून २००४पर्यंत तीन भाड्याची घरं, दोन बाळंतपणं, रात्री मुलं निजल्यावर केलेली पीएचडी, सासऱ्यांचं जाणं, घरात फोन येणं. एवढं सगळं एकोणीस वर्षांत मावलं कसं, असं वाटतं. आणि २००४ ते २०२३? तोच फ्लॅट, तेच कॉलेज, तोच अभ्यासक्रम, स्टाफरूममधली तीच खिडकीजवळची खुर्ची. २०२३ला मी स्वतःच्या जावयाला वाण दिलं (अनारसे विकतचे, आता कोण हसवून घेतंय!) तेव्हा आधीचा अधिक श्रावण मागच्याच्या मागच्या वर्षी होऊन गेल्यासारखा वाटला. एकोणीसला एकोणीस. माझं वय वाढलं हे खरं, पण वयाबरोबर घडेनासंही झालं, हे जास्त खरं.

आमच्या सासूबाईंना कालनिर्णयच्या चौकटीत नोंदी करायची सवय होती आणि जुनी कॅलेंडरं त्यांनी टाकली नाहीत. सप्टेंबर १९९३चं पान माझ्यासमोर आहे. २९ला लिहिलंय, ‘विसर्जन. शेजारी खिरापत दिली’. ३०च्या चौकटीत, ‘पहाटे हादरा. भांडी वाजली. किल्लारीकडे फार माणसं गेली म्हणतात. गॅस लावला.’ शेवटचे दोन शब्द वाचून हसू येतं आणि लगेच ओशाळायलाही होतं. पण ते पान वाचताना तो अख्खा महिना मला मिळतो. आमच्या घरात तेव्हा पडदे कोणते होते इथपर्यंत. याउलट २०१३ आणि २०१४ची माझी पानं शेजारी शेजारी ठेवली, तर गॅस, दुधाचा खाडा, कामवाल्या बाईंची सुट्टी. वरचा सन झाकला तर कोणतं कुठलं ते मलाच ओळखता येणार नाही.

आता तुमच्या पुराबद्दल. एखादी गोष्ट किती जुनी आहे याचा अंदाज आपण ती किती स्वच्छ आठवते यावरून बांधतो. २२ जुलै २०२१चं पाणी, नंतरचा चिखल, त्या चिखलाचा वास, हे तुम्हाला इतकं ठसठशीत आठवतंय की मन म्हणतं, हे जवळचंच असणार. शिवाय पुरानंतरच्या वर्षांत तुम्ही निवृत्त झालात, म्हणजे पुराच्या आणि आजच्या मध्ये ओळखीच्या खुणा कमी. सोमवार नाही, शनिवार नाही, मार्चअखेर नाही. बँकवाल्याचा मार्च गेला म्हणजे वर्षाचा कणाच गेला.

खुणा काढून घेतल्या की काय होतं हे मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने स्वतःवर करून पाहिलं. १९६२च्या जुलैमध्ये तो आल्प्समधल्या स्कारासोन गुहेत घड्याळाशिवाय उतरला. वय २३. खाली अंधार, गारठा आणि बर्फ. भूक लागली की खायचं, झोप आली की झोपायचं. वर फोन करून फक्त आपण उठलो, जेवलो, निजायला चाललो एवढं कळवायचं. त्याला बाहेर काढलं तेव्हा तारीख होती १४ सप्टेंबर, आणि त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट. दोन महिन्यांतले पंचवीस दिवस हिशेबातून गळाले. तुमच्या दिवाणखान्यात उजेड आहे आणि वेळेवर चहा आहे, एवढाच फरक म्हणायचा.

उपाय विचारलात. बहुतेक ठिकाणी तुम्हाला ‘प्रवास करा’ असं सांगतील. करा की, पण सात दिवसांत नऊ ठिकाणांच्या सहलीत बसच्या खिडकीखेरीज मला तरी फारसं काही आठवत नाही. त्यापेक्षा जिथे आपण अगदी कच्चे आहोत असं एखादं काम हाती घेणं बरं. आणि ते तर तुमच्या माळ्यावरच आहे. मोडी शिका. मुळाक्षरं बसायला थोडे आठवडे जातील. त्यानंतर ‘राजश्री’ आणि ‘विशेष’ हे शब्द तुम्ही पहिल्यांदा ओळखाल तो दिवस तुम्हाला तारखेसकट आठवेल. जमीन कुणाची होती, वाद कुणाशी होता, आजोबांचं अक्षर रागात कसं व्हायचं, हे सगळं त्यात असणार. जमल्यास शिकायला माणसांत जा, एकट्याने व्हिडिओ बघून नको. नवी माणसं, त्यांच्या खोड्या आणि भांडणं यांनी वर्ष जेवढं भरतं तेवढं नुसत्या अक्षरांनी भरत नाही. आणि कॅलेंडरच्या चौकटीत रोज एक ओळ लिहा, फक्त गॅस सोडून दुसरं काहीतरी.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते, कारण या विषयावर लिहिणारे ती सहसा गाळतात. वर्ष भरकन गेलं म्हणजे वाया गेलं असं नाही. माझ्या गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात लांब वर्ष म्हणजे यजमानांच्या आजारपणाचं. पावसाळाभर हॉस्पिटलचा कॉरिडॉर, रिपोर्टची वाट, कँटीनचा तो चहा. ते वर्ष जगतानाही लांब होतं आणि आठवतानाही लांब आहे. असली लांबी कुणाला हवी? ते बरे झाले, आणि नंतरचं वर्ष कसं गेलं कळलं नाही. त्या वर्षाबद्दल माझी तक्रार नाही. तुमची मखरं आत-बाहेर होतायत, घरात गणपती येतोय, उचलायला गुडघे साथ देतायत, तर या धावपळीचा फार धसका घेऊ नका.

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे, आम्ही मंगळवेढ्याचे. तिला दोन वर्षांपूर्वी नातवाच्या लग्नात काय झालं ते सांगता येत नाही, पण १९७२च्या दुष्काळातलं सगळं तोंडपाठ. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, सुकडी (पौष्टिक खाऊ) मिळायची, मिलो ज्वारीच्या भाकरी थापताना तुटायच्या, मुकादम कोण होता, सगळं. रोज तेच ऐकून घरातले वैतागतात. हा विसरभोळेपणा समजायचा का?

उत्तर : ताई, १९७२ला आई साधारण बावीस-तेवीस वर्षांच्या. उतारवयात माणसाला आठवणी सांगायला लावल्या, तर सर्वांत दाट आठवणी निघतात त्या साधारण पंधरा ते पंचवीस या वयातल्या. हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. पहिलं काम, पहिली कमाई, लग्न, पहिलं मूल, सगळं तेव्हाच घडतं, आणि आईंच्या बाबतीत त्यावर दुष्काळ. नातवाच्या लग्नात त्या खुर्चीवर बसून होत्या. खडी त्यांनी स्वतः फोडली होती. कुठलं जास्त आठवावं?

पण दुसरी बाजूही सांगते. लग्नातले तपशील विसरणं वेगळं, आणि लग्न झालं हेच विसरणं वेगळं. आत्ता जेवलो ते न आठवणं, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, पैशांचा हिशेब एकाएकी न जमणं, तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणं, यातलं काही असेल तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. कधी कधी बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता निघते आणि त्यावर औषध आहे. ऐकूही नीट येतंय का ते तपासून घ्या. कानाला कमी ऐकू येणाऱ्या माणसाला घरचे फार लवकर विसराळू ठरवतात.

आणि तेच तेच ऐकून वैताग येत असेल तर प्रश्न बदलून बघा. मुकादमाची गोष्ट पाठ झालीय ना, मग विचारा, कामावर जाताना धाकटी भावंडं कुणाकडे ठेवायचात? मिलोची भाकरी कशाशी खायचात? पाठ झालेल्या गोष्टीच्या कडेला न सांगितलेलं पुष्कळ असतं. तुमच्या मुलांपैकी कुणीतरी मोबाइलवर ते रेकॉर्ड करून ठेवावं.

प्रश्न : वय ३७, पुण्यात आयटीत. माझं तर आत्ताच वर्ष पळायला लागलंय! मुलगी कालपरवा रांगत होती, आता पहिलीत. मी लवकर म्हातारी होतेय का?

उत्तर : नाही. विटमन आणि लेनहॉफ या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १४ ते ९४ वयाच्या ४९९ जणांना वेळ कसा जातो ते विचारलं होतं. वेळ भराभर जातो असं जवळजवळ सगळेच म्हणाले. आठवडा किंवा महिना यांच्या बाबतीत वयाने फारसा फरक पडला नाही. गेली दहा वर्षं कशी गेली असं विचारल्यावर तो दिसला, तोही माफकच. तुमच्या बाबतीत मला वयापेक्षा घाईचा संशय आहे. सतत काहीतरी राहून जातंय असं वाटणाऱ्या माणसाला वेळ पळाल्यासारखाच वाटतो. मुलीच्या फोटोंनी फोन भरलेला असेलच. त्यातले निवडक छापून घ्या आणि मागे तारीख नि दोन ओळी लिहा. आठ हजार फोटो कुणीही कधीही परत बघत नाही.

प्रश्न : मी कऱ्हाडची, दहावीत आहे. सगळे म्हणतात वर्ष पटकन जाईल, अभ्यास कर. मला तर जून कधी लागला होता तेही आठवत नाही इतकं लांब वाटतंय. कोण बरोबर?

उत्तर : दोघंही. तू वर्षाच्या आत बसून बोलतेयस, ते आपलं दहावीचं वर्ष चाळीस वर्षं लांबून बघून बोलतायत. वरची मंगळवेढ्याच्या आजींची गोष्ट वाच. तुझ्या वयात जे घडतं ते पुढे सगळ्यात जास्त आठवत राहतं, त्यामुळे एखादा रविवार क्लास बुडवून मैत्रिणींबरोबर प्रीतिसंगमावर भेळ खाऊन आलीस तर मानसशास्त्राची हरकत नाही. आईची असेल. हे पान तिला दाखवू नकोस.