टूमासच्या (2MASS, सगळ्या आकाशाचं इन्फ्रारेड सर्वेक्षण) कॅटलॉगमध्ये मंद ताऱ्याच्या तेजाची एरर ०.०२ मॅग्निट्यूड आणि रोहिणी, ज्येष्ठासारख्या ठळक ताऱ्यांची ०.२ च्या आसपास, असं उलटं कसं?

तुमचं काही चुकलेलं नाही, डाउनलोडही बरोबरच आहे. तारा फार ठळक आहे हीच खरी अडचण.

टूमासचे दोन १.३ मीटरचे टेलिस्कोप होते, एक ॲरिझोनात आणि एक चिलीत, १९९७ ते २००१ सगळं आकाश स्कॅन केलं. डिटेक्टर प्रत्येक फ्रेममध्ये दोनदा वाचायचे, आधी ५१ मिलिसेकंदांनी आणि मग १.३ सेकंदांनी. मंद ताऱ्यांना १.३ सेकंदवालं रीडिंग छान लागतं, पण साधारण ८-९ मॅग्निट्यूडपेक्षा तेजस्वी तारा असला (मॅग्निट्यूडचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) की तेवढ्यात पिक्सेल भरून जातात, मग ५१ मिलिसेकंदवालं वापरतात, आणि ४-५ पेक्षाही तेजस्वी असला की तेही भरतं. रोहिणी तर के बँडमध्ये (टूमासच्या इन्फ्रारेड पट्ट्यांपैकी एक) उणे आकड्यात जाते, तिचा मधला भाग पूर्ण वाया, मग कडेचा जो पसरलेला उजेड असतो त्याच्यावर प्रोफाइल (उजेड मधून कडेला कसा कमी होतो त्याचा ठरलेला आकार) बसवून मधलं किती असेल ते काढलेलं असतं. अंदाजच तो एक प्रकारचा, म्हणून ०.२-०.३ ची एरर. कॅलिब्रेशनचा (माहितीच्या ताऱ्यांवरून मोजमाप जुळवून घेण्याचा) यात दोष नाही हं, ते रात्रभर दर तासाला ठरलेल्या फील्डवर परत जाऊन करायचे आणि एक-दोन टक्क्यांपर्यंत नीट जमलेलं आहे.

टेबलमध्ये रीड फ्लॅगचा (rd_flg, आकडा कुठल्या रीडिंगवरून काढला ते सांगणारा) कॉलम बघा, तिथे ३ असेल तर हाच प्रकार. २ म्हणजे नेहमीचं, १ म्हणजे ५१ मिलिसेकंदवालं. आणि ० दिसला तर तो आकडा मोजलेलाच नाही, नुसती वरची मर्यादा आहे. नवीन लोक हा ० वाला आकडा सरळ ग्राफमध्ये टाकतात.

हसू नका, मी स्वतः याहून मोठा घोळ घातलाय. प्रोजेक्टला वाइजचा (WISE, इन्फ्रारेड अंतराळ दुर्बीण) डेटा घेतला होता, तिच्या दोन बँडमधला फरक, डब्ल्यू-वन वजा डब्ल्यू-टू, काढला तर ठळक तारे सगळे लालसर, मला वाटलं ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या चकत्या सापडल्या एकदम डझनभर! दोन आठवडे खुशीत होते. नंतर कळलं की डब्ल्यू-टू ७ मॅग्निट्यूडच्या आसपास सॅच्युरेट होतो, म्हणजे पिक्सेल भरतात, आणि त्याहून ठळक तारे कॅटलॉगमध्ये खरे आहेत त्यापेक्षा जास्त तेजस्वी दाखवलेत. तिथे एरर कॉलम छोटाच होता, म्हणजे तुमच्या टूमासने निदान प्रामाणिकपणे ०.२ लिहिलंय.

रोहिणीसाठी खरंच चांगला आकडा हवा असेल तर कोबे (COBE) उपग्रहावरच्या डर्बी (DIRBE) या इन्फ्रारेड उपकरणाचा बघा, उपग्रह १९८९ ला सोडलेला. डर्बीची एका वेळची नजर ०.७ अंशाची, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रापेक्षाही मोठी, त्यामुळे शेजारचे तारेही आत येतात, पण रोहिणीपुढे ते किती भरणार. मंद ताऱ्यांना मात्र तो काही कामाचा नाही, तिथे टूमासच घ्या.