पाळी गेल्यानंतर पॉलिप निघाला तर गर्भपिशवी काढावीच लागते का?

तुम्ही लिहिलंय, सासूबाई ६१ वर्षांच्या, सोनोग्राफीत १२ मिमीचा पॉलिप (गर्भाशयाच्या अस्तरावर वाढलेला मऊ कोंब), आणि घरचे म्हणतायत, "या वयात पिशवी हवी कशाला, काढून टाका." तुमचं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे हेच माझा थोरला भाऊ म्हणाला होता.

आईची पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती. मी माहेरी गेले तर दोरीवर तिचा परकर वाळत होता आणि त्यावर धुऊनही न गेलेला तपकिरी डाग. विचारलं तर म्हणते, "उष्णता गं, सब्जा घेतेय." तीन महिने सब्जा! गावातल्या डॉक्टरांनी क्युरेटिंग केलं, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं, रिपोर्ट साधा आला, सगळे निर्धास्त. दोन महिन्यांत परत डाग. क्युरेटिंग आत न बघता, अंदाजाने करतात. मऊ पॉलिप हत्याराखालून निसटतो. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पुण्याला आणून खालून सोनोग्राफी केली. अस्तर ११ मिमी. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल तर ४ मिमीच्या वर पुढची तपासणी लागतेच. दादा म्हणाला, एकदाच काढून मोकळं होऊ. आईला शुगर, बीपी, वजन ऐंशीच्या पुढे. मी भांडले. आधी दुर्बीण घाला, तेवढाच काढा, तपासा, मग बोलू.

डॉक्टरांनी नंतर व्हिडिओ दाखवला. गर्भाशयाच्या छताला देठाने लोंबणारा गुलाबी कोंब, त्यावर लाल बारीक शिरा. मुळापासून कापला. संध्याकाळी आई घरी, रात्री मऊ भात जेवली. बायोप्सीत कॅन्सर नव्हता. दादाचं अजून तेच, "काढली असती तर कटकट गेली असती." साध्या पॉलिपसाठी अख्खं गर्भाशय काढणं चूक आहे, दादा. तेव्हाही होतं, आजही आहे.

हां, बायोप्सीत पेशी बिघडलेल्या निघाल्या किंवा कॅन्सर निघाला तर मात्र पिशवी काढायला मागेपुढे पाहू नका. शुगर आणि जास्त वजन असेल तर तो धोका वाढतो, म्हणून काढलेला तुकडा तपासायला गेलाच पाहिजे. आणि सासूबाईंना रक्त जातंय का, हे तुम्ही लिहिलंच नाही. जात नसेल तर घाई नाही, पण डॉक्टरांशी बोलून ठरवा. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.