ख्मेर मुलांना 'शॅकल' शिकवताना

पहिल्यांदाच कंबोडियातल्या मुलांना इंग्रजी शिकवतोयस ना, मग एकदम शॅकल, फेटर, मॅनॅकल अशी बेडीच्या शब्दांची सगळी फौज बोर्डावर उतरवू नकोस, नवीन लोक नेमकं हेच करतात. आधी फक्त शॅकल आणि हँडकफ घे.

ख्मेरमधे, म्हणजे त्यांच्या भाषेत, ख्नोह हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, हात म्हणजे डाय, म्हणून ख्नोह डाय म्हटलं की हातकडी झाली, पायाचा शब्द जोडला की पायातली बेडी. आपल्या बेडीसारखंच आहे, पेपरात हातातही बेड्याच ठोकतात, त्यामुळे तुला हे पटकन कळेल. तर मुलांना सांग की हँडकफ फक्त हाताचं, शॅकल हाताचं पण आणि पायाचं पण.

मग या दोन गोष्टी:
- बेडी या अर्थी बहुतेकदा शॅकल्स असं अनेकवचनच येतं. ख्मेरमधे नामाचं रूप बदलत नाही आणि शब्दाच्या शेवटचा स पण नीट उच्चारत नाहीत, म्हणजे हा स लिहिताना बोलताना दोन्हीकडे गायब होणार, तिथे लक्ष ठेव.
- कुलुपाची वरची वाकडी दांडी पण शॅकलच, खरं कुलूप घेऊन जा, लगेच समजतं.

क्रियापद, रूढींच्या बेड्या वगैरे नंतर बघू.

आणि हो, चित्र म्हणून तुओल स्लेंगमधल्या, म्हणजे ख्मेर रूज राजवटीच्या छळ-तुरुंगातल्या, बेड्यांचा फोटो प्लीज नको. त्या राजवटीत, १९७५ ते ७९ च्या काळात, कित्येकांच्या घरातली माणसं गेलीत.

बाकी मुलं फार गोड असतात, बिनधास्त सुरू कर.