सीमध्ये इंट २ बाइटचा असतो की ४ बाइटचा?

तुम्ही विचारलंय की नाशिकला क्लासमध्ये सर इंट (पूर्णांक ठेवायचा टाइप) २ बाइट असं लिहून देतात आणि घरी लॅपटॉपवर जीसीसी या कंपायलरमध्ये साइझऑफ (किती बाइट ते सांगणारा ऑपरेटर) टाकून बघितलं की ४ येतं, मग परीक्षेत काय लिहायचं. सर चुकत नाहीयेत आणि लॅपटॉपही चुकत नाहीये. इंटची साइझ सी भाषेने फिक्स केलेलीच नाही, ती कंपायलर आणि तो ज्या प्रोसेसरसाठी कोड बनवतो त्यावर ठरते. टर्बो सी हा डॉसच्या काळातला १६ बिटवाला कंपायलर, त्यात इंट २ बाइट, आणि बऱ्याच लॅबमध्ये अजून तीच निळी स्क्रीन चालू असते म्हणून वहीत पण तेच उतरत आलंय.

सी भाषेचं स्टँडर्ड, म्हणजे तिचे अधिकृत नियम, फक्त कमीत कमी किती ते सांगतं. शॉर्ट आणि इंट किमान १६ बिट, लाँग किमान ३२, आणि सी९९ (१९९९ चं स्टँडर्ड) पासून आलेला लाँग लाँग किमान ६४. त्याच्या वर जायला कंपायलर मोकळा. पाठच करायचं असेल तर हे करा, कारण हे कुठल्याही मशीनवर बदलत नाही.

फरक डोळ्याने बघायचाय तर टर्बो सीमध्ये इंटमध्ये आपला पिनकोड ४२२००१ टाका आणि प्रिंट करा, २८७८५ येईल. २ बाइटच्या इंटमध्ये ३२७६७ च्या वरचं मावतच नाही, वरचे बिट कापले जातात आणि ४२२००१ मधून ६५५३६ सहा वेळा वजा केल्यावर जे उरतं तेच तुम्हाला दिसतं. जीसीसीत तोच कोड बरोबर चालतो. आणि हे फक्त जुन्या कंपायलरचं प्रकरण नाहीये हं, आर्डुइनो ऊनो आर३ या छोट्या बोर्डवर आजही इंट २ बाइटच आहे, तिथे मिलिसची (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) व्हॅल्यू इंटमध्ये ठेवली की ३२ सेकंद झाले न झाले तोच आकडा उणे दिसायला लागतो.

लाँगचं तर अजून वेगळं, ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट आणि ६४ बिट विंडोजवर ४ बाइट.

आता कॅर, म्हणजे अक्षरासाठीचा टाइप. साइझऑफ कॅर कायम १, हे मात्र स्टँडर्डनेच ठरवलंय. पण तो १ बाइट ८ बिटचाच असेल असं नाही, किमान ८ एवढंच, मोटर ड्राइव्हमध्ये लागणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० चिपवर कॅर १६ बिटचा असतो आणि साइझऑफ तरी १ च. आणि एक कॅर म्हणजे एक अक्षर हे तर डोक्यातून काढूनच टाका. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये सेव्ह केलेल्या फाइलमध्ये "नाशिक" या स्ट्रिंगची लांबी १५ येते, कारण न, काना, श, वेलांटी, क हे प्रत्येकी ३ बाइट घेतात, शेवटचा शून्य धरून अ‍ॅरे १६ चा लागतो. मराठी नावांसाठी अ‍ॅरे घेताना अक्षरं मोजून घेऊ नका, प्लीज.

साधा कॅर साइन्ड (उणे आकडेही घेणारा) की अनसाइन्ड (उणे न घेणारा) हेही कंपायलरवरच. इंटेलवर सहसा साइन्ड, पण रास्पबेरी पायच्या लिनक्सवर अनसाइन्ड, म्हणून गेटकॅरचं (एक अक्षर वाचणारं फंक्शन) उत्तर कॅरमध्ये घेतलं तर तिथे ईओएफचा (इनपुट संपल्याची खूण) -१ होतो २५५ आणि लूप थांबतच नाही. गेटकॅर इंट परत देतं ते यासाठीच, घ्यायचंही इंटमध्येच.

परीक्षेत "१६ बिट कंपायलरवर २ बाइट, आजच्या ३२ आणि ६४ बिट कंपायलरवर सहसा ४ बाइट" असं कंपायलरसकट लिहा, एमसीक्यू असेल तर सिलॅबसमध्ये कुठला कंपायलर दिलाय तो बघून टिक करा. आणि स्वतःच्या कोडमध्ये नेमके ३२ बिटच हवे असतील, म्हणजे फाइल फॉरमॅट किंवा दोन बोर्डांमध्ये डेटा पाठवताना वगैरे, तर स्टडइंट डॉट एच घेऊन इंट३२_टी वापरा. टर्बो सीत ते हेडर मिळणार नाही, तिथे लाँग घ्या, तो ४ बाइटचा आहे.